घरी येऊन लिपिड (कोलेस्टेरॉल-चरबीची) टेस्ट, इंदिरानगर: घ्या, पण हे विचारून घ्या

आई-आप्पा दोघं सत्तरीपुढचे, म्हणून दरवर्षी इंदिरानगरमधल्या एका लॅबचं सीनियर सिटीझन पॅकेज घेतो. नाव टाकत नाहीये, कारण तक्रार होती आणि ती मिटली.

रक्त घ्यायला येणारा मुलगा एक नंबर. आईची शीर पटकन सापडत नाही, तर त्याने मूठ आवळायला लावली, बोटाने शांतपणे चाचपत बसला आणि एकदाच टोचलं, ट्यूबवर नाव-वय आमच्यासमोर लिहिलं.

रिपोर्टचं मात्र बघा. आप्पांचं टोटल कोलेस्टेरॉल २१८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ४३०, आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ९८ छापलेलं, म्हणजे बघणाऱ्याला वाटणार छान आहे की. पण ते मोजलेलं नव्हतंच, टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून काढलेलं, हा १९७२ चा फ्रीडवाल्ड फॉर्म्युला, आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की तो धरायचाच नसतो. फोन केला तर तिथल्या डॉक्टर मॅडमनी लगेच ऐकून घेतलं, त्याच सॅम्पलवर डायरेक्ट एलडीएल केलं, १२९ आलं! जादा पैसे नाही घेतले. तरी वयस्कर माणसाच्या रिपोर्टमध्ये असं व्हायला नको होतं.

ॲपमध्ये जुने आकडे शेजारी दिसतात ते मला सगळ्यात आवडलं. आईचे ट्रायग्लिसराइड ११८, मग १४१, आता १६३, आणि एचडीएल ५२ वरून ४४. सुटा रिपोर्ट बघून कोणी काही बोललं नसतं, पण हे वर आणि ते खाली असं चाललं की शुगरकडे बघायचं, आपल्या लोकांत हे फार दिसतं. एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) करून घेतली, ६.१, म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसच्या आधीची पायरी. वेळेत कळलं, औषधाआधी चालणं आणि जेवण यावर काम चालू आहे.

पॅकेजमध्ये पन्नास गोष्टी घालतात पण अपो-बी आणि लिपोप्रोटीन-ए नाही, वेगळे पैसे देऊन मागा. अपो-बी म्हणजे नसांत चरबी साठवणारे कण किती ते कळतं, कारण दर कणावर एकच अपो-बी असतं. लिपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा एक वेगळा कण) आईबापाकडून येतं, आयुष्यभर फारसं बदलत नाही, एकदा केलं तरी पुरतं, ५० मिलिग्रॅम/डेसिलिटरच्या वर असेल तर मुलांचीही करा. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये हेच सांगितलंय, एकदा तरी कराच.

रविवार सकाळचे स्लॉट लवकर भरतात, शुक्रवारीच बुक करा.