आठ महिने घरात ‘किट’: १:१८ मॉडेल वापरल्यानंतरचा अनुभव

गुढीपाडव्याला घरात काहीतरी नवे यावे, या रिवाजाचा आधार घेऊन मी यंदा ‘नाइट रायडर’ या मालिकेतील ‘किट’ या गाडीचे १:१८ प्रमाणातील डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेले, मॉडेल मागवले. आता दिवाळी होऊन गेली. मधल्या आठ महिन्यांत या वस्तूने कोल्हापूरचा पूर्ण पावसाळा काढला, ती एकदा संपूर्ण उघडून पुन्हा जोडली गेली आणि दोनदा पाहुण्यांच्या मुलांच्या हाती लागूनही शाबूत राहिली, त्यामुळे तिच्याबद्दल लिहायला आता हरकत नाही. बनवणाऱ्या कंपनीचे आणि विक्रेत्याचे नाव मी देत नाही, कारण ज्या दोषाबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे तो या जातीच्या बहुतेक मॉडेलांत आढळतो. मला ते घरपोच ९,८०० रुपयांना पडले. घरी आकडा वेगळा सांगितला आहे.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९८२ ते १९८६ या काळात ती अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर चालली. गाडी होती १९८२ची पाँटिअ‍ॅक फायरबर्ड ट्रान्स अ‍ॅम. काळी, बोलणारी, स्वतःहून धावणारी, आणि नाकावर डावीकडून उजवीकडे व परत सरकणारा लाल दिवा असलेली. आमच्याकडे केबल आली त्या काळात राजारामपुरीतल्या एका शेजाऱ्यांच्या घरी दहा-बारा मुले जमिनीवर बसून ती पाहत असू, आणि शाळेत जाताना सायकलच्या हँडलशी बोलत असू. मराठीत गाडी स्त्रीलिंगी असली तरी किट आमच्यासाठी कायम ‘तो’च राहिला.

आधी जे बरोबर आहे ते सांगतो. मूळ गाडी सुमारे ४.८ मीटर लांब होती आणि मॉडेल सत्तावीस सेंटिमीटरच्या जवळपास भरते, म्हणजे प्रमाण नीट पाळले आहे. चाकांवरच्या गुळगुळीत, फुगीर तबकड्या हुबेहूब आहेत. स्वस्त मॉडेलांत तेथे साध्या ट्रान्स अ‍ॅमची जाळीदार चाके बसवून मोकळे होतात. आतली बैठक काळी न ठेवता फिकट बदामी ठेवली आहे, तेही योग्य. वरचा भाग कापल्यासारखे दिसणारे, विमानाच्या सुकाणूची आठवण देणारे स्टिअरिंग तर इतके नाजूक केले आहे की पहिल्या दिवशी मी भिंगातून पाहत बसलो होतो.

भिंग हातात होते म्हणूनच पुढची भानगड दिसली. पहिल्या दोन सीझनमध्ये किटच्या डॅशबोर्डवर दोन छोटे पडदे होते. तिसऱ्या सीझनपासून नवा डॅशबोर्ड आला आणि पडदा एकच राहिला. किट बोलताना अगदी सुरुवातीच्या भागांत एक लाल चौकोन लुकलुकत असे. सर्वांच्या लक्षात राहिलेल्या तीन उभ्या लाल पट्ट्या पहिल्याच सीझनमध्ये, पण नंतर आल्या. माझ्या मॉडेलच्या खोक्यावरील छायाचित्रात दोन पडदे आहेत, आतल्या गाडीत एकच पडदा आहे आणि त्याच्या शेजारी तो सुरुवातीचा लाल चौकोन आहे. म्हणजे ही जोडी मालिकेत कधीही एकत्र नांदलेली नाही. डॅशबोर्ड पुसट छापला असता किंवा एखादे बटण चुकले असते तर मी पुढे गेलो असतो, कारण या आकारात तेवढी सूट द्यावीच लागते. पण येथे प्रत्येक तुकडा स्वतःपुरता अचूक आहे आणि सगळे मिळून जी गाडी होते ती कोणत्याही भागात सापडणार नाही.

भाच्याला हे दाखवले तेव्हा त्याने मलाच पेचात टाकले. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि मालिका त्याने माझ्या आग्रहाखातर मोबाइलवर पाहिली आहे. तो म्हणाला, “मामा, पण टीव्हीतली तरी एकच गाडी होती व्हय?” नव्हती, हे खरेच आहे. जवळून दाखवायची गाडी वेगळी, उड्या मारण्यासाठी वेगळी, आणि ‘आपोआप’ धावायची गाडी आणखी वेगळी. या शेवटच्या गाडीत चालक सीटच्या आकाराच्या आवरणाआड लपून गाडी हाकत असे. किटच्या आवाजामागचे नट विल्यम डॅनियल्स यांचे नाव मालिकेच्या श्रेयनामावलीत येत नसे, तेही त्यांच्याच इच्छेने. तेव्हा गाडी अनेक, चालक अदृश्य आणि आवाज निनावी असताना ‘अस्सल किट’ म्हणून बोट कोठे ठेवायचे, हा प्रश्न मॉडेल घेण्याआधी मला पडायला हवा होता.

इतर मालिकांकडे पाहिले तर गुंता वाढतच जातो. ‘मायामी व्हाइस’मधली काळी फेरारी डेटोना मुळात शेव्हरोले कॉर्व्हेटच्या सांगाड्यावर चढवलेले कवच होते. फेरारीने त्यावर आक्षेप घेतला, प्रकरण कोर्टकचेरीपर्यंत गेले, आणि १९८६मध्ये तिसऱ्या सीझनच्या आरंभी ती गाडी कथेतच उडवून देऊन तिच्या जागी खरी फेरारी टेस्टारोसा आणली गेली. तरी धोक्याच्या दृश्यांसाठी पुन्हा नकलीच गाडी वापरली. आता ज्या चाहत्याला ‘मालिकेतली’ डेटोना हुबेहूब हवी असेल त्याने खऱ्या फेरारीच्या वाटेला न जाता कॉर्व्हेटच शोधली पाहिजे. ‘स्टारस्की अँड हच’मधल्या पांढऱ्या पट्ट्याच्या लाल ग्रॅन टोरिनोची गंमत याच्या उलट आहे: १९७६मध्ये फोर्ड कंपनीने स्वतःच्याच कारखान्यातून तशा हजाराहून अधिक गाड्या काढल्या. मूळ कंपनीने मूळ साच्यातून काढलेल्या त्या गाड्यांना आज चाहते नक्कल मानतात, कारण त्या मालिकेच्या चित्रीकरणासाठी केलेल्या नव्हत्या. ‘ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’मधली नारंगी ‘जनरल ली’ १९६९ची डॉज चार्जर म्हणून प्रसिद्ध असली तरी चित्रीकरणात तीनशेच्या आसपास गाड्या लागल्या आणि त्यांत १९६८च्या गाड्यांना जाळी व मागचे दिवे बदलून १९६९च्या केलेले होते.

हे सारे माहीत असूनही माझी तक्रार मी मागे घेत नाही. मूळ गाड्या अनेक असतील, वेश बदललेल्या असतील. पण एका दृश्यात एकच गाडी समोर असते आणि त्या दृश्यापुरती ती खरी असते. नक्कल करणाऱ्याने आपण कोणत्या सीझनची, शक्य तर कोणत्या भागाची गाडी करतो आहोत हे ठरवून त्याला चिकटून राहावे, एवढेच माझे मागणे आहे. अमेरिकेच्या न्यायालयाला मात्र ते पटणार नाही. बॅटमोबाइलच्या, म्हणजे बॅटमॅनच्या गाडीच्या, प्रतिकृती बनवून विकणारे मार्क टोल यांच्यावर डीसी कॉमिक्सने दावा लावला, तेव्हा २०१५मध्ये अपील न्यायालयाने बॅटमोबाइल हे स्वतंत्र पात्र आहे आणि वेळोवेळी रूप बदलले तरी त्याचा स्वभाव कायम राहतो, असे मानून निकाल कंपनीच्या बाजूने दिला. या न्यायाने पडदा एक की दोन हा प्रश्न क्षुल्लक ठरतो. न्यायालयाला चोरी ओळखायची होती; मला गाडी ओळखायची आहे.

आता दिव्याबद्दल, कारण या मॉडेलचा जीव त्यात आहे आणि सर्वांत मोठी निराशाही त्यानेच केली. छताखालचे बटण दाबले की नाकावरचा लाल दिवा चालू होतो, पण पहिल्याच संध्याकाळी भाचा म्हणाला, “ह्यो सरकत न्हाई मामा, उड्या मारतोय.” एक एलईडी विझतो, दुसरा लागतो, मग तिसरा, मधे काहीच नाही. मूळ गाडीत तारेचे बल्ब होते. बल्बचा प्रवाह तोडला तरी तापलेली तार क्षणभर धगधगत राहते, त्यामुळे पुढचा बल्ब लागेपर्यंत मागचा मंद होत जातो आणि डोळ्याला एक लाल शेपूट सरकल्यासारखे दिसते. एलईडीला अशी धग नसते. तो लागतो किंवा विझतो.

जूनमध्ये एका रविवारी आम्ही गाडी उलटी करून चार स्क्रू काढले. मूळ सर्किट बाजूला ठेवून एक छोटा मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम लिहून चालवता येणारी चिप) आणि आठ लहान एलईडी बसवले. सुटे भाग सगळे मिळून साडेतीनशे रुपयांच्या आत आले. एलईडी विझवताना तो एकदम बंद न करता अतिशय वेगाने चालू-बंद करत त्याचा उजेड पायरीपायरीने उतरवायचा, अशी ती युक्ती आहे. भाच्याने पहिल्यांदा लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये उजेड इतका रेशमी उतरत होता की नव्या महागड्या मोटारीचा इंडिकेटर वाटावा. मग मोबाइलवर एक भाग हळू गतीने लावून आम्ही फेरीचा वेळ मोजला, शेपूट आखूड केली आणि दोन्ही टोकांना दिवा किंचित थबकेल असे केले. त्या थबकण्याने काम झाले. रात्री खोलीतला दिवा मालवून पाहिले तेव्हा माझी बायको, जिला या सगळ्याचे फारसे कौतुक नाही, दारात उभी राहून म्हणाली, “हां, आता तो बघतोय.”

आवाजाच्या बटणाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. तीन वाक्ये आहेत, आवाज डॅनियल्स यांचा नाही, आणि मी ती तार तोडून टाकली.

पावसाळ्यात धातूचा प्रश्न आला. जुलैच्या शेवटी मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाखाली मोहरीएवढा फुगा दिसला. उद्यमनगरात फाउंड्री चालवणाऱ्या मित्राकडे गाडी नेली. त्याने ती हातात तोलली, पार्टिंग लाइनवरून, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तेथे उमटणाऱ्या रेषेवरून, नख फिरवले आणि म्हणाला, “बिडाचं न्हवं हे, जस्ताचं काम हाय.” जस्ताच्या मिश्रधातूत शिसे मिसळले गेले तर काही वर्षांनी ओतीव आतून फुगते, तडकते आणि मॉडेलचा भुगा होतो, जुन्या खेळण्यांचे संग्राहक या रोगाला फार भितात. माझ्या गाडीला तो नाही, रंगाखालचे अस्तर तेथे नीट बसलेले नाही एवढेच, असा त्याचा निर्वाळा आहे आणि नोव्हेंबरपर्यंत तरी फुगा वाढलेला नाही. दुसरा त्रास टायरचा. मऊ प्लॅस्टिकचे टायर ज्या काळ्या प्लॅस्टिकच्या पाटावर उभे होते तेथे ते चिकटले आणि पाटावर चार चकचकीत डाग उमटले. आता चाकांखाली बटर पेपरचे तुकडे ठेवले आहेत आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या. काळ्या रंगावर धूळ इतकी दिसते की मऊ ब्रश हाताशी ठेवावाच लागतो. कापडाने पुसाल तर ओरखडे येतील.

मॉडेल जमवणाऱ्या एका परिचितांनी माझे काम पाहून कपाळाला हात लावला. खोके फोडले, सर्किट बदलले, म्हणजे वस्तूची किंमत गेली, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे बाजाराचे गणित बरोबर असेल, पण खुद्द मोठ्या गाड्यांना तो नियम लावला तर काय राहील? ११ नोव्हेंबर १९७८ रोजी जॉर्जियातील ऑक्सफर्ड कॉलेजच्या आवारात जी ‘जनरल ली’ पहिल्यांदा उडाली ती त्याच उडीत मोडली, वीस वर्षांहून अधिक काळ भंगारात पडली, तेथून उचलून पुन्हा उभी केली गेली आणि २०१२मध्ये गोल्फपटू बब्बा वॉटसन यांनी १,१०,००० डॉलरला घेतली. २०१५मध्ये छतावरचा कॉन्फेडरेट ध्वज पुसून तेथे अमेरिकेचा ध्वज रंगवणार असल्याचे त्यांनी जाहीर केले, तेव्हा निम्मे चाहते खवळले. गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्यांचा तो ध्वज मिरवण्यापेक्षा गाडी थोडी कमी अस्सल झालेली बरी, असे मला वाटते. जॉर्ज बॅरिस यांची १९६६ची बॅटमोबाइलसुद्धा १९५५च्या लिंकन फ्युच्युरा या प्रदर्शनातल्या गाडीला कापूनकोरून केलेली होती, आणि २०१३च्या लिलावात तिची बोली ४२ लाख डॉलरवर थांबली.

एक सावधगिरीची सूचना. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने माझे मॉडेल पाहून आपल्या काळ्या सेडानच्या तोंडावर तशीच लाल सरकती पट्टी लावली आणि रंकाळ्यावर चक्कर मारली. पुढच्या बाजूला लाल दिवा दाखवायला केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०८ मनाई करतो. त्याला दंड भरून पट्टी काढावी लागली. मॉडेलवरच समाधान मानावे.

दसऱ्याला भाच्याला घेऊन दसरा चौकात गेलो होतो. छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार आली तशी गर्दी पुढे सरकली. भाचा म्हणाला, “हिला इचारायची गरजच न्हाई, ओरिजिनल का काय.” गाडी एक, घर एक आणि चौकही तोच, तेथे त्या प्रश्नाला जागाच नाही. घरी आल्यावर त्याने कपाटातली गाडी काढली आणि डॅशबोर्डही बदलू या म्हणून मागे लागला: दोन पडदे छापायचे, चौकोन तसाच ठेवायचा, म्हणजे पहिल्या सीझनच्या आरंभीची गाडी होईल. छपाईचा नमुना तयार आहे. त्यातला डावा पडदा अर्धा मिलिमीटर मोठा आला आहे, तो दुरुस्त झाला की चिकटवू. काढलेले मूळ सर्किट मी काडेपेटीत घालून, वर तारीख लिहून, खोक्यात मॉडेलच्या जागी ठेवले आहे.