इंकस्केपची शिकवणी पुस्तकं: आधी आवृत्ती बघा

इंकस्केप या चित्रं काढायच्या मोफत सॉफ्टवेअरचं पुस्तक घेण्याआधी ते कोणत्या आवृत्तीवर लिहिलंय ते पाहा. २०२० मध्ये आलेल्या १.० पासून वाय अक्ष (उभं माप) वरून खाली मोजला जातो, आधी खालून वर. जुन्या पुस्तकातले आकडे तसेच टाकले की आकृती भलतीकडेच जाते. (प्रेफरन्सेसमध्ये हे उलटवता येतं.) ०.९२ च्या आधीची पुस्तकं ९० डीपीआय (एका इंचात ९० पिक्सेल) धरतात, आता ९६.

पेन टूलचं (रेषा-वक्र काढायच्या साधनाचं) प्रकरण मात्र जुनं असलं तरी चालतं. नोड (रेषेला आकार देणारे बिंदू) कमीत कमी, तेही वक्राच्या सर्वांत वरच्या-खालच्या, डाव्या-उजव्या बिंदूंवर ठेवायला सांगणारं पुस्तक निवडा. छापील चित्रात हँडल (नोडपाशी वक्राला वळण देणारी दांडी) ओढण्याची हालचाल दिसत नाही, तिथे सगळीच पुस्तकं कमी पडतात. त्यासाठी हेल्प मेनूतले धडे बरे: ते एसव्हीजी, म्हणजे इंकस्केपच्याच चित्र-फाइली असल्याने त्याच पानावर आकार ओढून-मोडून बघता येतात.