मॅट निकेलचा मुलामा: जुन्या रिव्हॉल्व्हरवर करून घेतलेले काम

माझ्याकडे स्मिथ अँड वेसनचे मॉडेल १० रिव्हॉल्व्हर आहे, चार इंची नळीचे आणि सहा गोळ्यांचे. ह्यूस्टनच्या दमट हवेत त्याच्या ब्लूइंगचा टिकाव लागेना. ब्लूइंग म्हणजे रंगाचा थर नव्हे. पोलादावर मुद्दाम आणलेला काळ्या ऑक्साइडचा तो पातळ पापुद्रा असतो आणि वरून तेलाचा हात फिरत राहिला तरच गंज रोखतो. माझ्या घामट हाताचा अंगठा जिथे टेकतो, नेमके तिथे तपकिरी ठिपके दिसू लागले, तेव्हा रिव्हॉल्व्हर एका परवानाधारक वर्कशॉपकडे सोपवले.

पृष्ठभाग चमकू नये आणि गोळीबारानंतर बसणारी काजळी एका पुसण्यात निघावी, एवढीच माझी मागणी होती. ती मागणी स्वतःच्याच विरोधात जाते, हे तिथल्या कारागिराने पहिल्याच भेटीत सांगितले. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म खड्ड्यांमुळे प्रकाश विखुरतो आणि त्याच खड्ड्यांत काजळी बसते. फॉस्फेटिंगचा, म्हणजे पोलादावर रासायनिक क्रियेने खरखरीत फॉस्फेटचा थर आणण्याचा, पर्याय त्यामुळेच बाद झाला. तो थर तेल उत्तम धरून ठेवतो, पण मळही तितक्याच आवडीने धरतो. सेराकोट चालला असता, परंतु तो भट्टीत पक्का केलेला लेपच, आणि होल्स्टरमध्ये रोज घासणाऱ्या कडांवर मला लेप नको होता.

शेवटी इलेक्ट्रोलेस निकेल ठरले. यात विजेचा प्रवाह नसतो. गरम द्रावणात रासायनिक क्रियेनेच निकेल आणि फॉस्फरसचा थर चढतो, त्यामुळे विजेच्या मुलाम्यासारखा तो कडांवर जाड आणि कोपऱ्यात पातळ असा होत नाही. मात्र हा थर खालच्या पृष्ठभागाची हुबेहूब नक्कल करतो, म्हणजे मॅटपणा निकेलचा नसतो, त्याआधी केलेल्या ब्लास्टिंगचा, म्हणजे काचेच्या मण्यांच्या जोरदार माऱ्याचा असतो. या वर्कशॉपचे खरे कसब तिथे दिसले. त्यांनी बारीक मणी वापरून ढगाळ आकाशासारखी राखाडी झाक आणली आणि गोळ्या बसतात त्या फिरत्या सिलिंडरचा पुढचा भाग, जिथे प्रत्येक छिद्राभोवती काजळीचे कडे जमते, तो विचारपूर्वक गुळगुळीत ठेवला. पूर्वी तिथे ब्रश घेऊन अर्धा तास बसावे लागे. आता ओल्या फडक्याने बरेचसे काम होते. पॉलिशचे चाक कुठेही न फिरवल्यामुळे नळीवरची अक्षरे आणि मुठीखालचा क्रमांक पूर्वीइतकेच ठसठशीत आहेत.

मापाची मला धास्ती होती. सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट आधी कारखान्यातल्या भाषेत सहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे सुमारे ०.१५ मिलिमीटर होती. समोरासमोरच्या दोन्ही पृष्ठभागांवर अर्धा-अर्धा थाऊ थर चढल्यावर फीलर गेजचे (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या संचाचे) पाच थाऊचे पान जाते, सहाचे अडते. सिलिंडर मोकळा फिरतो. घोडा आणि चाप मुलाम्याविना मूळ रंगातच ठेवले, तेही मला पटले.

तक्रारी दोन. सहा आठवड्यांचे काम अकरा आठवड्यांनी मिळाले आणि चौकशीचा फोन प्रत्येक वेळी मलाच करावा लागला. दुसरी अधिक गंभीर आहे: नळीच्या टोकावरची पुढची साइटही (नेम धरायची खूण) त्यांनी न विचारता निकेलमध्ये बुडवली. फिकट लक्ष्यासमोर ती राखाडी साइट विरघळूनच जाते, आणि नेम धरताना डोळे बारीक करून तिला शोधावे लागते. काम देतानाच ती झाकून काळी ठेवायला सांगावे. संग्रहासाठी जपलेले, मूळ ब्लूइंग शाबूत असलेले रिव्हॉल्व्हर मात्र या वाटेला नेऊ नये. त्याची किंमत घटते.

पाचपैकी चार गुण देतो. माझ्या साइटवर सध्या मॅट काळ्या रंगाचा हात मारलेला आहे, आणि तो दर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा द्यावा लागतो.