ब्रॉकेज म्हणून माथी मारलेलं दाबलेलं नाणं

एरर कॉइन, म्हणजे टांकसाळीत चूक होऊन बनलेली नाणी, जमवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. एका विक्रेत्याने व्हाइसमध्ये, म्हणजे वस्तू जबड्यात घट्ट आवळून धरणाऱ्या हत्यारात, दुसऱ्या नाण्यावर दाबलेलं साधं नाणं मला ब्रॉकेज या टांकसाळीतल्या चुकीचा नमुना म्हणून विकलं. त्याची पद्धत इतकी बेमालूम आहे की आणखी बरेच जण त्यात सापडतील.

नाण्याची एक बाजू नेहमीसारखी होती. दुसऱ्या बाजूवर अक्षरं उलटी आणि आत दबलेली. खरं ब्रॉकेज असंच दिसतं. ठोकलेलं नाणं कधीकधी साच्यालाच चिकटून राहतं, खाली पुढची कोरी चकती येते आणि तिच्यावर साच्याऐवजी त्या चिकटलेल्या नाण्याचा ठसा उमटतो. विक्रेत्याने हे सगळं मला नीट समजावून सांगितलं, आणि त्यात एक शब्दही चुकीचा नव्हता. खोटं होतं ते फक्त नाणं.

ते प्लॅस्टिकच्या डबीत होतं, डबीच्या कडा चिकटवलेल्या. डबी उघडली तर नाणं परत घेणार नाही, ही त्याची अट. बंद डबीत नाण्याची कड दिसत नाही, वजन करता येत नाही, तिरप्या उजेडात भिंगाखाली फिरवून बघता येत नाही. अट त्यासाठीच होती.

एका जुन्या संग्राहकाने डबी उघडून नाणं भिंगाखाली धरलं आणि उलट्या अक्षरांच्या मधल्या जागेवर बोट ठेवलं. तिथे त्या बाजूचं मूळ चित्र होतं, चेपलेलं, पुसट, पण होतं. ब्रॉकेज होताना चकती कोरी असते, त्यामुळे ठशाखाली आधीचं चित्र सापडूच शकत नाही. दुसरी खूण अशी की पूर्ण ब्रॉकेजमध्ये दोन्हीकडे एकच बाजू दिसते, एकीकडे सुलटी आणि उठावाची, दुसरीकडे उलटी आणि खोलगट. माझ्या नाण्यावर पुढची बाजू उठावात होती आणि दबलेला ठसा मागच्या बाजूचा. शिवाय पुढच्या बाजूवरचे उंच भाग सपाट होऊन चकाकत होते, कारण ती बाजू व्हाइसच्या जबड्याला टेकलेली होती.

एकच प्रश्न धरून बसा: हे साच्यात, ठोकताना घडू शकतं का? साच्याला तडा गेला तर धातू त्या तड्यात शिरतो, म्हणून नाण्यावर रेघ उठून दिसते. रेघ खोल असेल आणि तिच्या कडांना धातू वर सरकलेला असेल, तर तो नंतरचा ओरखडा. कडेचा गोलाकार तुकडा नसलेलं नाणं घेताना बरोबर समोरची कड बघा. चकती आधीच कापली गेली असेल तर कड उचलणाऱ्या यंत्राचा दाब समोर नीट पडत नाही आणि तिथली कड बहुधा फिकी राहते. कानशीने घासलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते आणि अक्षरं सरळ कापलेली दिसतात. पातळ चकतीचं म्हणून विकलेल्या नाण्याचा पृष्ठभाग खडबडीत आणि अक्षरं सगळीकडे सारखीच झिजलेली असली, तर ॲसिडचा संशय घ्या. दोन्हीकडे छापा असलेल्या नाण्यात कडेच्या आतून सांधा शोधा. बहुतेक वेळा ती जादूगारांसाठी दोन नाणी कोरून, एकात एक बसवून केलेली असतात.

वजनकाटा आणि लोहचुंबक जवळ हवेतच. अमेरिकेचा 1943 चा सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा होता, वजन साधारण 2.7 ग्रॅम. चुकून तांब्याच्या चकतीवर ठोकलेले मोजके सेंट 3.11 ग्रॅमच्या आसपास भरतात आणि लोहचुंबकाला चिकटत नाहीत. तांब्याचा मुलामा चढवून विकलेले मात्र चटकन चिकटतात. तारीख बदललेलं नाणं या दोन्ही कसोट्यांतून निसटू शकतं, म्हणून आकड्यांभोवतीही भिंग फिरवा.

मी तक्रार केली तेव्हा विक्रेत्याने उघडलेल्या डबीकडे बोट दाखवून पैसे द्यायला नकार दिला.

आणि एक. व्हाइसमध्ये नाणी दोन घालावी लागतात, त्यामुळे माझ्या नाण्याचं जोडीदार त्याच्याकडेच असणार. त्याच्याही मागच्या बाजूवर मागच्याच बाजूचा उलटा ठसा असेल आणि पुढची बाजू दबून चकाकत असेल. असं नाणं कोणी बंद डबीत पुढे केलं, तर आधी कडेचा फोटो आणि वजन मागा.