श्रद्धेवरून पक्ष ओळखणारं ॲप: दोन स्टार, तेही उदार मनाने

भावाने लिंक पाठवली म्हणून टाकलं. देव मानता का, प्रार्थना किती वेळा करता, धर्मग्रंथ शब्दशः खरा वाटतो का, असले प्रश्न, आणि शेवटी ते सांगणार की राजकारणात तुम्ही कुठे बसता. मी पक्का आस्तिक, खरी खरी उत्तरं दिली, तर काटा थेट उजवीकडे टेकला!! आजवर एकदाही तिकडे मत दिलेलं नाही मी. मग मुद्दाम सगळं उलटं भरलं तर डावीकडे. म्हणजे आत लॉजिक एवढंच, श्रद्धा जास्त तर उजवे, कमी तर डावे, विषय संपला.

ॲप अमेरिकेतल्या पक्षांवर बेतलंय हे दिसतंच, पण मग तिथलं तरी नीट बघायचं ना. तिथले कृष्णवर्णीय प्रोटेस्टंट प्रार्थना, चर्च, बायबल कशातच कुणाला हार जाणारे नाहीत, पण मत वर्षानुवर्षं डेमोक्रॅटिक पक्षाला. आणि गोरे इव्हँजेलिकल (बायबलला सर्वोच्च मानणारे प्रोटेस्टंट), बायबल तेच, येशू तोच, 2016 च्या एक्झिट पोलमध्ये त्यांच्यातले दहापैकी आठ जण रिपब्लिकन ट्रम्पकडे. मधे गुलामगिरी आहे, नागरी हक्कांची चळवळ आहे, चर्चमध्ये शेजारच्या बाकावर कोण बसतं ते आहे. तुम्ही प्रार्थना कुणासोबत करता, एवढा एक प्रश्न टाकला असता तरी निम्मं काम झालं असतं.

जिमी कार्टरचं बघा. संडे स्कूलमध्ये (चर्चच्या रविवारच्या धर्मवर्गात) शिकवणारा माणूस, 1976 ला डेमोक्रॅटिक पक्षाकडून अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून निवडून आला. 1979 मध्ये मोरल मेजॉरिटी ही उजव्या विचारांची ख्रिस्ती संघटना उभी राहिली आणि 1980 ला गोरे इव्हँजेलिकल मोठ्या संख्येने त्याच्याविरुद्ध उभ्या रिपब्लिकन रेगनमागे गेले, जो घटस्फोटित होता (हे मला भारी वाटतं). चार वर्षांत कार्टरची भक्ती आटली होती का? आणि त्याच 1980 मध्ये एल साल्वादोरमध्ये गरिबांची बाजू घेणाऱ्या आर्चबिशप रोमेरोंना मास (कॅथलिक प्रार्थनाविधी) चालू असताना गोळी घातली. या ॲपने त्यांनाही डोळे झाकून उजवीकडेच बसवलं असतं.

दुसरा स्टार कशाला दिला ते सांगतो. अगदी तळाशी, 'अधिक माहिती'मध्ये, एक परिच्छेद आहे की बाण उलटाही जातो, लोक आधी पक्ष धरतात आणि मग त्याप्रमाणे चर्च बदलतात किंवा जायचंच सोडतात. अमेरिकेत 1990 नंतर 'धर्म कुठलाच नाही' म्हणणारे वाढले त्यामागे धर्माच्या नावाने चाललेल्या राजकारणाचा वैताग हे एक कारण असल्याचं काही समाजशास्त्रज्ञ मांडतात. सगळ्यात कामाची गोष्ट ही, आणि ती लपवून ठेवलीय, निकाल शेअर करायचं बटण मात्र हे एवढं मोठं.

बाकी ॲप पटकन उघडतं, जाहिराती नाहीत. भावाचा निकाल माझ्या अगदी शेजारी आलाय, आणि आम्ही दोघं गेल्या तीन निवडणुका एकमेकांचं मत खोडून काढतोय.