ब्रिसल वर्म ट्रॅप: चालतो, पण घ्यायचा कशाला?

साल्टवॉटर टॅंकवाल्यांना रात्री टॉर्च मारल्यावर दगडाच्या फटीतून तो गुलाबी केसाळ किडा, म्हणजे ब्रिसल वर्म, दिसला की पहिला विचार हाच, याला मारू कसा, आणि मग हा ट्रॅप ऑर्डर होतो. मीपण मागवला.

वस्तू साधीच. प्लास्टिकची नळी, टोकांना आत शिरता येईल पण बाहेर पडताना अडेल अशी बुचं, आत कोलंबीचा तुकडा. लाइट बंद झाल्यावर दगडाला टेकवून वाळूवर ठेवायची. सकाळी आत वर्म असतात, म्हणजे पैसे बुडाले असं नाही. हर्मिट क्रॅबही (शंखात राहणारे खेकडे) घुसतात, ते काढत बसावं लागतं, आणि खरा जाडजूड वर्म भोकात मावतच नाही.

पण हे वर्म करतात काय ते जरा बघा ना. शेपूट फटीतच ठेवून पुढचा भाग बाहेर काढतात, जबडा नसतोच, तोंडातला मांसल भाग बाहेर उलटवून उरलेलं खाणं, मेलेली गोगलगाय, जे मिळेल ते खरवडून आत ओढतात. समुद्रात प्रवाळाच्या दगडांखाली हेच चालू असतं. म्हणजे फुकटचा सफाई कामगार! ते फार झालेत याचा अर्थ तुम्ही माशांना फार घालताय, तो हात आखडला नाही तर कितीही पकडा, परत तेवढेच होतात. चिमट्याने ओढणाऱ्यांनी तर ऐकाच, यातल्या काही जातींचे तुकडे झाले तरी तुकड्यातून नवा किडा वाढतो.

आणि ज्याच्यासाठी ट्रॅप खरंच हवा तो बॉबिट वर्म, वाळूत गाडून घेऊन वरून जाणारा मासा झडप घालून आत खेचणारा, त्याला असली नळी काय पुरणार. जपानमध्ये 2009 साली 299 सेंटीमीटरचा सापडला होता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या एका मत्स्यालयात कोरल कुरतडणारा साधारण चार फुटी वर्म निघाला, लावलेले ट्रॅप त्याने रातोरात फाडले, शेवटी टॅंकमधले दगड एकेक करून बाहेर काढावे लागले.

ट्रॅपला तीन स्टार, तेही बांधणीसाठी. घेतलाच तर नळी रिकामी करताना ग्लोव्ह्ज घाला, ब्रिसल वर्मचे ते केस ठिसूळ असतात, कातडीत मोडून बसतात आणि जाम आग होते. चिकटपट्टी लावून ओढले की बरेचसे निघतात.