बीप-बीप करणारा ओव्हन आणि कोल्हापूरच्या राजारामपुरीतले दुरुस्तीवाले

आमचा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह पावसाळ्यात एकदम सुटला, कोण हात लावत नाही तरी सारखा बीप बीप, रात्री पण, शेवटी प्लगच काढून ठेवला. थोडा वेळ बंद ठेवून परत लावला की तासभर गप आणि परत चालू. कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी फोनवरच सांगितलं, अख्खा बोर्ड (ओव्हन चालवणारं आतलं सर्किट) बदला. न बघताच! मला हे अजिबात पटलं नाही.

मग राजारामपुरीतल्या एका छोट्या दुकानात नेला. त्या दादांनी आधी बटणांच्या पॅनेलची चपटी वायरपट्टी बोर्डातनं काढली आणि ओव्हन चालू केला, तर आवाज बंद! म्हणजे बोर्ड चांगलाय, पॅनेल खराब. आतनं वाफ आणि ओल शिरली की एखादं बटण चिकटून राहतं आणि बोर्डाला वाटतं कोणीतरी दाबूनच धरलंय, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. आपल्याकडची पावसाळ्यातली हवा, त्यात ओव्हन शेगडीला खेटून, मग काय होणार. फक्त पॅनेल बदललं, जुनं हातात दिलं, बोर्डापेक्षा खर्च बराच कमी आला. दरवाजाचा स्विच पण तपासला, तो सैल असला तरी बीप येतो म्हणे.

घरी मात्र कव्हर उघडू नका, प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) जीवघेणा करंट राहू शकतो.

पार्किंगची बोंब आहे आणि पार्ट यायला वेळ लागला, तेवढ्यासाठी एक स्टार कमी. काम एक नंबर.